पेट्रोल गोल्फ कार्ट: क्लच आणि ड्राइव्ह बेल्ट अपग्रेड करताना आधी काय बदलायचं?

चारचाकी_छंद
गाडी अशी: चार सीटची पेट्रोल गोल्फ कार्ट, फोर स्ट्रोक इंजिन, लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग), मूळच्या १८ इंची टायरांच्या जागी २२ इंची. सपाटीवर तक्रार नाही. चौघं बसले आणि चढ लागला की इंजिन दमतं, मधूनच जळक्या रबराचा वास येतो, सुटताना हिसका बसतो.

मिळणारे पर्याय तीन दिसतात. ड्रिव्हन क्लचसाठी (चाकांकडची पुली) कडक स्प्रिंग, हेवी ड्यूटी बेल्ट, किंवा दोन्ही क्लच नवे असलेलं पूर्ण किट. माझा कल स्प्रिंग आणि बेल्ट एकदमच बदलण्याकडे आहे, म्हणजे एकदाच उघडायचं आणि मोकळं व्हायचं. जाणकारांनी सांगावं: हा क्रम बरोबर आहे का? आणि वेग वाढतो तो नेमका कशाने?

नट_बोल्ट
आधी एक गोष्ट स्पष्ट करू. क्लच ताकद निर्माण करत नाही. इंजिन कुठल्या आरपीएमला चालेल एवढंच तो ठरवतो. म्हणून पहिलं काम खरेदी नाही, मोजमाप. एक साधा इंडक्टिव्ह टॅकोमीटर घ्या, त्याची वायर स्पार्क प्लगच्या केबलभोवती गुंडाळा आणि चढावर आरपीएम काय होतो ते बघा.

आरपीएम पडत जाऊन इंजिन घुसमटत असेल, तर ड्रिव्हन क्लच वेळेवर खालच्या रेशोला (वेग कमी, जोर जास्त) येत नाहीये. स्प्रिंग थकलेली, आतली सरकती प्लॅस्टिकची बटणं झिजलेली, किंवा सरकता भाग अडकतोय. आरपीएम चढलेलाच आहे, गाडी मात्र पुढे जात नाही आणि वास येतोय, तर बेल्ट घसरतोय. आणि आरपीएम इंजिनाच्या कमाल मर्यादेजवळ आहे, घसरणही नाही, तरी चढ निघत नाही, तर क्लचचं काम तिथे संपलं. मग प्रश्न इंजिनाचा किंवा गिअरिंगचा आहे.

टॅकोमीटर लावताना एक लक्षात ठेवा. यातली बहुतेक फोर स्ट्रोक इंजिनं प्रत्येक फेऱ्याला स्पार्क देतात, एक कामाचा आणि एक वाया जाणारा. मीटर 'दोन फेऱ्यांना एक स्पार्क' या सेटिंगवर ठेवला तर आकडा दुप्पट दिसेल.

हेलिक्स
+१. टायरचा हिशोब पण मांडून घेऊ, कारण अर्धी तक्रार तिथेच आहे.

१८ इंची टायर एका फेऱ्यात साधारण १.४४ मीटर पुढे जातो, २२ इंची १.७६ मीटर. म्हणजे गिअरिंग २२ टक्के उंच झालं. एक्सलचा टॉर्क तोच राहिला तरी जमिनीवर मिळणारा जोर १८/२२, म्हणजे १८ टक्क्यांनी कमी. त्यात लिफ्ट किटचं, मोठ्या चाकांचं आणि चार माणसांचं वजन. मूळ क्लच १८ इंची टायर आणि ठरावीक वजन धरून ट्यून केलेला असतो. त्याला आता तेच आरपीएम धरून जास्त भार ओढायचा आहे, म्हणून तो लवकर वरच्या रेशोला जातो आणि इंजिन घुसमटतं.

त्यामुळे कडक स्प्रिंगची कल्पना चुकीची नाही. फक्त बाकी सगळं ठीक आहे ना, हे आधी बघावं लागतं.

रबरी_माउंटिंग
सगळे क्लचकडे बघताय, मी म्हणतो आधी इंजिनचे माउंटिंग रबर बघा. ते बसले की इंजिन तिरकं होतं, दोन पुल्यांची रेषा चुकते आणि नवा बेल्ट सुद्धा एका कडेने कुरतडला जातो. सरळ धारेची पट्टी ड्रिव्हन क्लचच्या स्थिर चकतीला टेकवा आणि ड्राइव्ह क्लचपर्यंतचं अंतर दोन ठिकाणी मोजा, पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला. दोन्ही आकडे सारखे नसतील तर इंजिन तिरकं आहे. सारखे आहेत पण मॅन्युअलमधल्या ऑफसेटशी जुळत नाहीत, तर एखादा क्लच शाफ्टवर नीट बसलेला नाही किंवा वॉशर चुकला आहे.

नवशिका_७
बेसिक प्रश्न विचारतो. ड्राइव्ह आणि ड्रिव्हन म्हणजे स्कूटरमध्ये पुढचा व्हेरिएटर आणि मागची पुली असते तसंच का?

हेलिक्स
@नवशिका_७, तत्त्व तेच. इंजिनच्या क्रँकवर बसतो तो ड्राइव्ह क्लच. आरपीएम वाढला की त्यातली वजनं बाहेर फेकली जातात, सरकती चकती आत ढकलली जाते आणि बेल्ट वर चढतो. ट्रान्सअॅक्सलच्या (मागच्या एक्सलवरचा गिअरबॉक्स) शाफ्टवर बसतो तो ड्रिव्हन. तिथे बेल्ट आत खेचला जाऊन चकत्या उघडतात.

एक फरक मोठा आहे. स्कूटरमध्ये मागच्या पुलीबरोबर वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच असतो, तो आयडलला गाडी सोडवतो. गोल्फ कार्टमध्ये तो नसतो. इथे ड्राइव्ह क्लचच्या चकत्या कमी आरपीएमला इतक्या उघडतात की बेल्ट सैल पडतो, तोच क्लच सुटणं. शिवाय बहुतेक कार्ट पेडल दाबल्यावर सुरू होतात आणि सोडल्यावर इंजिन बंद होतं. त्यामुळे प्रत्येक वेळी निघताना ड्राइव्ह क्लच शून्यातून पकड घेतो. बेल्टची सगळ्यात जास्त झीज त्या क्षणी होते.

ड्रिव्हन क्लचमध्ये स्प्रिंगबरोबर एक तिरका कॅम असतो, त्यावर प्लॅस्टिकची बटणं सरकतात. चाकावर भार आला की हा कॅम चकत्या एकमेकींवर आवळतो. म्हणजे चढावर पकड आपोआप वाढते आणि बेल्ट खालच्या रेशोला येतो. ही बटणं झिजली की स्प्रिंग कितीही कडक टाका, कॅम अडकत अडकतच सरकणार. हिसक्याचं एक कारण हे.

चारचाकी_छंद
छान समजावलंत. मग स्प्रिंगबरोबर वजनंही जड टाकली तर चढावर जास्त जोर मिळेल का? एका किटमध्ये जड वजनं दिली आहेत.

नट_बोल्ट
उलट होईल. जड वजनं बेल्टला लवकर वर ढकलतात, म्हणजे गाडी कमी आरपीएमलाच वरच्या रेशोला जाते. तुमची तक्रार नेमकी तीच आहे. जड वजनं शोभतात ती जास्त टॉर्कच्या इंजिनाला, जे खालच्या आरपीएमलाही ओढू शकतं.

गाडी एकेक बदलाला कशी वागते ते लिहून ठेवतो, धाग्यात पुढे उपयोगी पडेल.

ड्राइव्ह क्लचची वजनं हलकी केली तर रेशो उशिरा बदलतो आणि इंजिन जास्त आरपीएमवर राहतं. ड्राइव्हची स्प्रिंग कडक केली तर पकडच उशिरा येते. निघताना इंजिन जास्त फिरतं, मग झटक्यात पकडतं. थोडी कडक चालते, जास्त कडक झाली तर प्रत्येक सुटण्यात बेल्ट भाजून निघतो. ड्रिव्हनची स्प्रिंग कडक केली तर बेल्टवर पकड वाढते, वरचा रेशो उशिरा येतो आणि चढावर तो लवकर खाली येतो. कॅमचा कोन लहान असेल तर भार आल्यावर जास्त आवळतो, मोठा असेल तर गाडी झपाट्याने वरच्या रेशोला जाते.

म्हणून तुमच्या वापरासाठी ड्रिव्हनची थोडी कडक स्प्रिंग, बाकी मूळचं तसंच. आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

उंचावरचा
वजनांबद्दल एक जोड. समुद्रसपाटीपासून वर गेलं की कार्ब्युरेटर इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के कमी होते. १५०० मीटरवर १५ टक्के गेलीच. तिथे मूळ वजनं सुद्धा त्या इंजिनाला जड ठरतात. अशा ठिकाणी कार्ब्युरेटरचं जेट (इंधन सोडणारं बारीक भोक) बदलणं आणि हलकी वजनं यांचा विचार स्प्रिंगच्या आधी करावा.

काळी_पावडर
बेल्टबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ड्राइव्ह बेल्टच्या जागी त्याच मापाचा पंपाचा किंवा गिरणीचा व्ही-बेल्ट बसवू नका. तो सतत बदलणाऱ्या व्यासावर, इतक्या लहान वळणावर आणि बाजूने येणाऱ्या दाबावर चालायला बनवलेला नसतो. सीव्हीटीचा, म्हणजे अशा रेशो सतत बदलणाऱ्या क्लच जोडीचा, बेल्ट रुंद असतो, आतून दात असलेला, आत अरामिड किंवा पॉलिएस्टरचे दोर. 'हेवी ड्यूटी' म्हणून मिळतो त्यात बहुतेकदा दोर आणि रबर वरच्या प्रतीचं असतं. पण रुंदी आणि लांबी मूळ बेल्टशी तंतोतंत जुळलीच पाहिजे. रुंद बेल्ट चकत्यांमध्ये वर बसतो आणि इंजिन चालू असताना न्यूट्रलमध्येही ओढ देतो, गिअर टाकताना करकर होते. लांब असला तर सुरुवातीचा रेशोच बिघडतो.

जुना बेल्ट तपासताना:

रुंदी व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी मोजा. सगळीकडे सारखी कमी झाली असेल तर साधी झीज. एकाच जागी अरुंद झाला असेल, तर गाडी कुठेतरी अडकलेली असताना पेडल दाबून धरलेलं होतं आणि ड्राइव्ह क्लच त्या एका जागेवर फिरत राहिला. असा बेल्ट प्रत्येक फेऱ्याला ठोका देतो. सुटताना आणि कमी वेगात 'धक धक' जाणवत असेल तर आधी हेच शोधा.

कडा काचेसारख्या चमकत असतील तर घसरून भाजलेला. बाजूने दोरे निघाले असतील तर रेषा चुकलेली किंवा पुलीच्या कडेला बोचरा भाग. दातांच्या तळाशी आडव्या भेगा असतील तर वय झालं.

अरुंद बेल्टने वेगही जातो हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ड्राइव्हच्या चकत्या पूर्ण मिटल्या तरी अरुंद बेल्ट काठापर्यंत पोचत नाही, वरचा रेशो मिळतच नाही. आणि सुटताना चकत्यांना त्याला पकडायला जास्त आत यावं लागतं, म्हणून पकड उशिरा आणि हिसक्याने.

नवशिका_७
बेल्ट खरंच काठापर्यंत जातो की नाही, हे गाडी चालू असताना बघायचं कसं? हात घालायची सोय नाही.

काळी_पावडर
हात घालायचाच नाही! मार्कर पेन घ्या. इंजिन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, स्पार्क प्लगची टोपी काढलेली. दोन्ही क्लचच्या चकत्यांच्या आतल्या तोंडावर केंद्रापासून काठापर्यंत दोन-तीन सरळ रेघा ओढा. शाई वाळू द्या. मग सगळं जोडून सपाटीवर पूर्ण वेगापर्यंत एकदा चालवा, थांबा, परत तसंच सगळं काढून बघा. बेल्ट जिथवर गेला तिथवरची रेघ पुसलेली असते आणि त्या पलीकडे शाई जशीच्या तशी. ड्राइव्हवर काठाजवळ बोटभर रेघ उरली असेल, तर बेल्ट अरुंद आहे, ड्रिव्हनची स्प्रिंग फार कडक आहे, किंवा गव्हर्नरने (कमाल वेग रोखणारी यंत्रणा) आधीच इंजिन रोखलं. कोणतं, ते टॅकोमीटर सांगेल.

स्प्रिंग बदलण्याआधी एकदा आणि बदलल्यावर एकदा हे करा. क्लच ट्यूनिंगची याहून स्वस्त आणि खात्रीची तपासणी मला माहीत नाही.

गव्हर्नर_साहेब
वेगाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, तो मी घेतो.

क्लच किट लावून सपाटीवरचा कमाल वेग वाढेल ही अपेक्षा ठेवू नका. अनेक मूळ गोल्फ कार्टमध्ये वेगाचा गव्हर्नर ट्रान्सअॅक्सलमध्ये असतो. आतली वजनं शाफ्टच्या फेऱ्यांवर उघडतात आणि बाहेरच्या लिव्हरने थ्रॉटल मागे खेचतात. क्लचचा रेशो काहीही असो, शाफ्ट ठरलेल्या फेऱ्यांवर आला की थ्रॉटल कमी होणार.

पण हा गव्हर्नर फेरे मोजतो, किलोमीटर नाही. मूळ टायरवर ताशी २४ किमीला रोखणारा गव्हर्नर २२ इंची टायरवर ताशी २९ च्या पुढे रोखतो. म्हणजे धागाकर्त्यांचा वेग टायर बदलले तेव्हाच वाढला.

आता ब्रेककडे बघा. बहुतेक कार्टना फक्त मागच्या चाकांना ड्रम ब्रेक, तेही केबलवर चालणारे. ड्रम तोच, टायर मोठा, म्हणजे जमिनीवर थांबवणारा जोरही १८ टक्के कमी. वेग १.२२ पट म्हणजे ऊर्जा जवळपास दीडपट. दोन्ही मिळून थांबायचं अंतर साधारण १.८ पट होतं, आणि यात वाढलेलं वजन धरलेलंच नाही. क्लचवर पैसे घालण्याआधी ब्रेक शू, ड्रम आणि केबलचं अॅडजस्टमेंट बघा. गव्हर्नरच्या नटाला हात लावायचा विचार तर ब्रेक सुधारल्याशिवाय करूच नका.

चारचाकी_छंद
ब्रेकचा हिशोब डोक्यात नव्हता, तो आता यादीत वर घेतला. एक शंका: पेडल दाबलं की पहिल्या क्षणी किंचाळल्यासारखा आवाज येतो, मग गाडी निघते. हा ड्राइव्ह बेल्टचाच ना?

रबरी_माउंटिंग
बहुधा नाही. इंजिन फिरायला लागण्याच्या क्षणीच आवाज येत असेल तर तो स्टार्टर-जनरेटरचा बेल्ट. तो वेगळा आणि अरुंद असतो. तोच इंजिन सुरू करतो आणि तोच पुढे बॅटरी चार्ज करतो. सैल झाला की सुरू करताना किंचाळतो, इंजिन हळू फिरतं आणि चार्जिंगही कमी मिळतं. त्याचा ताण अंगठ्याने मधोमध दाबून आणि मॅन्युअलमधल्या मापाने बघा. फार ताणलात तर स्टार्टरचं बेअरिंग जातं.

आवाज इंजिन चालू झाल्यानंतर, गाडी हलायला लागताना येत असेल तर ड्राइव्ह बेल्ट किंवा तेलकट चकत्या.

गिअरबदल
मी जरा वेगळं मत मांडतो. कडक स्प्रिंग हा सगळ्यांचा आवडता उपाय झालाय, पण त्याची किंमत बेल्ट मोजतो. स्प्रिंग जितकी कडक तितका बेल्टवर बाजूने दाब जास्त, तितकी उष्णता जास्त, आणि कमजोर इंजिनाला वरचा रेशो मिळणंच बंद. सपाटीवर इंजिन कायम आरडाओरडा करत चालतं. २२ इंची टायर आणि चार माणसं कायमचीच असतील, तर ट्रान्सअॅक्सलमध्ये कमी गिअरिंगचा संच टाकणं किंवा २० इंची टायरवर येणं हा मुळावरचा उपाय आहे. २० इंचीवर जोराची घट १८ वरून १० टक्क्यांवर येते.

हेलिक्स
@गिअरबदल, मुद्दा मान्य, पण ट्रान्सअॅक्सल उघडणं आणि एक स्प्रिंग बदलणं यात कामाचा डोंगराएवढा फरक आहे. शिवाय गिअर संच शोधताना सावध राहायला हवं. बाजारात जास्त दिसतात ते 'हाय स्पीड' संच, ते जोर आणखी कमी करतात. टायर छोटे करण्याची सूचना मात्र मला पटते. लिफ्ट किटवर २० इंची बसतात आणि खर्च फक्त टायरांचा.

स्प्रिंग जास्त कडक झाली का, हे मार्करच्या रेघा आणि टॅकोमीटर दोन्ही सांगतात. सपाटीवर आरपीएम कमाल मर्यादेला आणि ड्राइव्हवर बरीच रेघ शिल्लक असेल, तर एक पायरी नरम स्प्रिंग घ्या.

नट_बोल्ट
आता प्रत्यक्ष खोलायचं कसं ते लिहितो. यात बरेच क्लच विनाकारण मोडतात.

सुरक्षितता आधी. गाडी सपाटीवर, चाकांना अडसर, चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, प्लगची टोपी काढलेली. पेडलला चुकून हात लागला तरी इंजिन सुरू होतं अशी ही गाडी आहे, त्यामुळे यातलं काहीही वगळू नका.

बेल्ट काढताना स्क्रू ड्रायव्हरने उचकू नका. दोन क्लचच्या मधोमध बेल्टच्या वरच्या आणि खालच्या फेऱ्या एकमेकींकडे दाबा, म्हणजे ड्रिव्हनच्या चकत्या उघडतात. मग ड्रिव्हनच्या बाहेरच्या चकतीवरून बेल्ट वरच्या बाजूने गुंडाळत बाहेर घ्या, पुली हळू फिरवत. बोटं बेल्ट आणि पुलीच्या मध्ये जाऊ देऊ नका, स्प्रिंग झटक्यात मिटते. बसवताना आधी ड्राइव्हवर, मग ड्रिव्हनवरून गुंडाळत आत.

ड्राइव्ह क्लच क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसलेला असतो. मधला बोल्ट काढला तरी तो सुटत नाही. त्या क्लचसाठीच बनवलेला पुलर बोल्ट घ्या, मापं मॉडेलप्रमाणे बदलतात. दोन-तीन जबड्यांचा पुलर चकतीच्या काठाला लावला की अॅल्युमिनियमची चकती वाकते किंवा तडकते. पुलर बोल्ट घट्ट आवळा, त्याच्या डोक्यावर हातोड्याचा एक खणखणीत फटका, परत पाव फेरा, परत फटका. सुटतो तेव्हा आवाज होतो. क्रँक अडवायला चकतीच्या पाखांमध्ये पहार घालू नका, पट्ट्याचा पान्हा वापरा. आटे उजवे की डावे ते खोलण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा.

परत बसवताना तो निमुळता भाग आणि क्लचचं भोक दोन्ही सॉल्व्हंटने पुसून कोरडे ठेवा. ग्रीस, तेल, अँटी-सीझ काही नाही. ती पकड कोरड्या धातूचीच असते. बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. थोडं चालवून झाल्यावर एकदा परत तपासा.

हेलिक्स
ड्रिव्हनचं मी पूर्ण करतो. शाफ्टवरचा बोल्ट किंवा सर्क्लिप काढली की तो सहसा सहज निघतो. खोलण्याआधी कॅम, चकती आणि स्प्रिंगचं टोक कुठल्या भोकात आहे यावर खुणा करा. स्प्रिंग दाबलेली असते आणि पिळलेलीही. सी-क्लॅम्पने कॅम खाली दाबून धरा, सर्क्लिप काढा, मग क्लॅम्प हळूहळू सैल करा. कॅम वर येता येता फिरतो. चष्मा घातल्याशिवाय हे काम नको.

आत आल्यावर तिन्ही बटणं बघा. एका बाजूला चपटी झाली असतील, किंवा एखादं गायब असेल आणि कॅमच्या उतारावर धातू घासल्याचा चर दिसत असेल, तर तो कॅम गेला. बटणं नेहमी तिन्ही एकदम बदला. उतारावर बोट फिरवून बघा, नखाला अडकेल असा खड्डा असेल तर नव्या बटणांनीही हिसका जाणार नाही.

स्प्रिंगला वेगवेगळी भोकं दिलेली असतील तर नवी स्प्रिंग घेण्याआधी जुनी एक भोक पुढे लावून बघता येते. पीळ वाढतो, म्हणजे सुरुवातीची पकड वाढते. कधी कधी एवढ्यावर काम होतं.

नवशिका_७
चकत्या साफ कशाने करायच्या? एका ठिकाणी बेल्टला पकड यावी म्हणून स्प्रे मारायचा सल्ला दिला आहे.

काळी_पावडर
बेल्टवर कुठलाही स्प्रे, राळ, पावडर नको. बेल्टला सतत पकडायचंही असतं आणि सरकायचंही असतं. चिकट झाला की तो चकत्यांवर वर-खाली जायचा थांबतो, आणि धूळ चिकटून पॉलिश पेपरसारखी चकती खाते.

चकत्यांची तोंडं ब्रेक क्लीनरने पुसा, मग स्कॉच-ब्राइटने गोल नाही, आडव्या-तिरक्या हाताने घासा, चमक जाईपर्यंत. काळी पावडर हवेच्या प्रेशरने उडवताना तोंडाला मास्क लावा. गंज असेल तर बारीक एमरीने काढा. नवा बेल्ट साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, कारखान्यातून येताना त्यावर साच्याचा तेलकट थर असतो. ड्राइव्ह क्लचचा सरकता भाग हाताने ढकलून बघा, एकसारखा सरकला पाहिजे. तिथे वंगण चालतं का आणि कोणतं, ते त्या क्लचच्या मॅन्युअलप्रमाणेच. अनेक क्लच पूर्ण कोरडे चालण्यासाठी बनवलेले असतात आणि ग्रीस लावलं की त्यात बेल्टची पावडर बसून लगदा होतो.

मोठं_इंजिन
पूर्ण क्लच किट मग कोणासाठी? माझ्या मते इंजिन बदलणाऱ्यांसाठी. उदाहरणार्थ होंडा जीएक्स३९०, ३८९ सीसी, ३६०० आरपीएमला ११.७ हॉर्सपॉवर. सर्वसाधारण प्रकारात त्याचा शाफ्ट १ इंची सरळ, खाचेत धातूची की बसवायचा, आणि बहुतेक मूळ गोल्फ कार्ट क्लच निमुळत्या भोकाचे. म्हणजे जुना क्लच बसतच नाही, त्या शाफ्टचा क्लच घ्यावा लागतो. मग तिथे मूळ ड्रिव्हन, नवा ड्राइव्ह, नवं अंतर, नवी बेल्ट लांबी असं सगळंच नव्याने जुळवावं लागतं. फिरण्याची दिशा ट्रान्सअॅक्सलशी जुळते का तेही आधी बघा.

वाढीव वेगासाठी या इंजिनांचा गव्हर्नर काढून ३६०० च्या वर फिरवणारे लोक आहेत. कृपा करून करू नका. फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉड त्या आरपीएमसाठी बनवलेले नसतात आणि फुटलेलं फ्लायव्हील सीटखाली असतं.

मूळ इंजिन ठेवून महाग किट लावणं मला पटत नाही. तेवढ्या पैशात झिजलेला क्लच बदलून मूळच्याच दर्जाचा नवा येतो.

गव्हर्नर_साहेब
+१००. मूळ दर्जाचा नवा क्लच, सरळ रेषा, योग्य बेल्ट. एवढ्यात बहुतेक 'अपग्रेड' ची गरजच उरत नाही.

उतारावरची
बेल्ट रुळवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. नवा बेल्ट बसवून लगेच भार भरून चढावर नेऊ नका. पहिला तासभर हलका भार, वेग कमी-जास्त करत, जोरात सुटणं टाळून चालवा. कडा चकत्यांच्या कोनाशी बसतात, सुरुवातीची थोडी किरकिर तेवढ्यात जाते. आणि चढावर थांबायचं असेल तर ब्रेक वापरा. पेडल अर्धवट दाबून गाडी जागेवर धरून ठेवणं हाच तो एका जागी अरुंद झालेल्या बेल्टचा जन्म.

ओल्या गवतातून किंवा पाण्यातून गेल्यावर बेल्ट घसरला तर घाबरू नका, पण दाबूही नका. हलक्या थ्रॉटलवर चालवलं की वाळतो.

चारचाकी_छंद
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाला धरून क्रम असा लावतोय: ब्रेक, माउंटिंग आणि रेषा, मग मार्कर आणि टॅकोमीटरने मोजणी. ड्रिव्हन उघडून बटणं. बेल्टची रुंदी कमी भरली तर मूळ मापाचा नवा. तेवढं झाल्यावर परत मोजणी, आणि तरीही आरपीएम पडला तरच स्प्रिंग. एकच विचारतो: जुना बेल्ट चांगला निघाला तर तो परत वापरावा का?

काळी_पावडर
रुंदी मॅन्युअलच्या मर्यादेत असेल, चमक, भेग, दोरा काही नसेल तर जरूर. काढण्याआधी बाहेरच्या बाजूला खडूने फिरण्याच्या दिशेचा बाण काढा आणि त्याच दिशेने परत बसवा. एका दिशेने रुळलेला बेल्ट उलटा लावला की लवकर झिजतो. नवा घेतलात तर तो बसवून जुना गाडीत ठेवा, बेल्ट तुटला तर जागेवरच बदलता येतो. ठेवताना मोठ्या वेटोळ्यात ठेवा, घडी घालू नका, आतले दोर वाकले की त्याच जागी तुटतात.